फरशीवर फरशी

परीक्षा संपून मुले मामाच्या गावाला गेली, की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोसायट्यांमधून एक आवाज सुरू होतो. सकाळी दहाच्या सुमारास छिन्नी-हातोड्याची ठकठक, थोड्या वेळाने तिला येऊन मिळणारी ब्रेकर मशीनची घरघर, आणि दुपारपर्यंत जिन्याच्या कठड्यावर बसलेला पांढऱ्या धुळीचा थर. कुणी विचारायचीही गरज नसते. ‘वरच्यांनी काम काढलंय’ एवढे वाक्य पुरते. शेजारीपाजारी आधी कुरकुरतात आणि मग हळूच दारातून डोकावून विचारतात, ‘फरशी कुठली टाकताय? कॉन्ट्रॅक्टर कोण? किती सांगितले?’ कुरकुर खरी असते, कुतूहल त्याहून खरे. पुढच्या मे महिन्यात तोच आवाज डोकावणाऱ्याच्या घरातून येतो.

घर नवे करून घ्यावे असे वाटण्यात गैर काहीच नाही. किंबहुना ज्या पिढीने ही गावे वसवली, तिला ही हौस करायला मिळालीच नाही. ठाण्याला आगगाडी आली १८५३ साली, कल्याणला १८५४ साली. पण गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतला मराठी माणूस मोठ्या संख्येने या मार्गावर राहायला आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचा लोंढा झाला तो सत्तर-ऐंशीच्या दशकांत. प्रॉव्हिडंट फंडातून उचललेले पैसे, सोसायटीचे कर्ज, आईच्या पाटल्या असे सगळे गोळा करून डोंबिवलीला ‘ब्लॉक’ घेतला जाई. फ्लॅट नव्हे, ब्लॉक. दोन खोल्या, स्वतंत्र संडास आणि कपडे वाळत घालायला गॅलरी. एवढ्यासाठी माणसे रोज दीड-दीड तास लोकलच्या दांडीला लोंबकळायला तयार झाली.

त्या ब्लॉकमधली सजावट आठवून पाहा. जमिनीला मोझॅक, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, भिंतीला डिस्टेंपर. बाहेरच्या खोलीत दिवसा बसायची आणि रात्री निजायची सेटी, लोखंडी कपाट, आणि थोडे बरे दिवस आले की सनमायका लावलेली शोकेस. तिच्यात दिल्लीहून आणलेला पांढरा ताजमहाल, मुलाला वक्तृत्वात मिळालेला करंडक आणि कधीही न वापरलेला कपबशांचा सेट. याला कुणी इंटिरियर म्हणत नसे. सुतार घरी येऊन महिनाभर काम करी, त्याला दोन वेळा चहा द्यावा लागे, आणि ‘किती जाडीचं प्लाय घालतोस’ यावरून घरातल्या आजोबांचे त्याच्याशी रोज वाजे.

त्या आजोबांची नातवंडे आज कमावती आहेत. त्यांच्या फोनवर दिवसाला शंभर घरांची चित्रे येतात. छतात लपलेले दिवे, काचेसारखी चकाकणारी जमीन, भिंत काढून दिवाणखान्याला जोडलेले स्वयंपाकघर. मग एखाद्या रविवारी जेवताना विषय निघतो, ‘आपलं घर किती जुनाट दिसतं नाही?’ आणि आईबाबांनाही ते पटते, कारण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची घरेच नावाजलेली असतात. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. वजन मात्र असते, आणि त्या वजनाबद्दलच आज बोलायचे आहे.

२० मे २०२५ रोजी, मंगळवारी दुपारी, कल्याण पूर्वेला सप्तशृंगी नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू होते. ते चालू असताना त्या मजल्याचा स्लॅब खाली आला. तो एका मजल्यावर थांबला नाही. खालचे स्लॅब घेत घेत थेट तळमजल्यापर्यंत गेला. सहा जणांचा जीव गेला. त्यांत एक लहान मूल होते. इमारत जुनी होती, तिच्या दुखण्याची कारणे अनेक असतील आणि ती शोधणे तज्ज्ञांचे काम आहे. पण एक गोष्ट कुणालाही समजण्यासारखी आहे. खाली राहणाऱ्यांनी त्या दिवशी काहीही केलेले नव्हते. ते आपापल्या घरात, आपापल्या जमिनीवर होते. आपल्या घराची जमीन म्हणजे दुसऱ्याच्या घराचे छप्पर असते, ही इतकी साधी गोष्ट आपण फरशीचे नमुने पाहताना सोयीस्कर विसरतो.

थोडा हिशेब मांडू. तो मांडायला इंजिनीयर असावे लागत नाही; वाण्याची यादी तपासता येणाऱ्या कुणालाही तो जमेल. राहत्या घराचा स्लॅब आखताना माणसे, सामानसुमान, पाहुणेरावळे या सगळ्यांचा मिळून जो भार धरतात, तो भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो असतो. फरशी आणि तिच्याखालच्या मालाचे वजन त्याशिवाय वेगळे धरलेले असते, पण ते एकाच फरशीचे. आता हल्ली सर्रास काय होते? ‘जुनी फोडायला नको, वेळ जाईल, वरूनच टाकून देतो’ असे ठेकेदार सांगतो आणि आपल्याला हायसे वाटते. फोडाफोड नाही, धूळ नाही, डेब्रिज उचलायचे पैसे नाहीत. जुन्या मोझॅकवर दीड इंच सिमेंट-वाळूचा माल आणि त्यावर नवी व्हिट्रिफाइड टाइल. या दोन्हींचे मिळून वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या घरात जाते. टाइलऐवजी ग्रॅनाइट किंवा मार्बल घातला आणि खाली दोन इंच माल घातला, तर दीडशे.

चारशे चौरस फुटांच्या ब्लॉकला याने गुणा. पावणेचार टन. वयात आलेला एक हत्ती. आपण कुणी पाळायला म्हणून हत्ती तिसऱ्या मजल्यावर चढवला असता तर सोसायटीने मोर्चा काढला असता. फरशीच्या रूपाने आला तर आपण त्याची पूजा घालून तीर्थप्रसादाला सगळ्यांना बोलावतो. माणसांसाठी आणि सामानासाठी जी ताकद स्लॅबमध्ये राखून ठेवलेली होती, तिच्यातली निम्मी त्या दिवशी कायमची खर्ची पडते. आणि हीच फरशी पंधरा वर्षांपूर्वी आधीच्या मालकाने एकदा ‘वरूनच’ टाकलेली असेल, तर हा दुसरा हत्ती. (उंबरठा पुसट झाला असेल, संडासाचे दार खालून तासलेले असेल, किंवा बाहेरच्या पॅसेजपेक्षा घराची जमीन दीड-दोन इंच वर असेल, तर ही शंका जरूर घ्यावी.)

जुनी फरशी फोडून काढणे वजनाच्या दृष्टीने बरे, पण तिथेही रीत आहे. फोडलेला राडारोडा दिवसाअखेर खाली जायला हवा. प्रत्यक्षात तो गोण्यांत भरून खोलीच्या एका कोपऱ्यात रचला जातो, कारण टेम्पो आठवड्यातून एकदाच परवडतो. शेजारी सिमेंटच्या गोण्या. पन्नास किलोची एक, अशा पाच एकावर एक रचल्या की तेवढ्या जागेवर आखलेल्या भाराच्या चौपट ओझे येते. गुडघ्याएवढा राडारोडा साचला तर तिपटीहून जास्त. त्यातच ब्रेकर मशीनचे हादरे. धडधाकट स्लॅब हे सगळे सहन करतो, कारण बांधणाऱ्याने थोडी जास्तीची ताकद ठेवलेली असते. प्रश्न धडधाकट नसलेल्यांचा आहे.

आणि आपल्याकडच्या किती इमारती धडधाकट आहेत? ऐंशी-नव्वदच्या दशकांत ठाणे-कल्याण पट्ट्यात इमारती ज्या वेगाने उठल्या, तो वेग ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. रेती खाडीची. ती नीट धुतली नसेल तर तिच्यातले क्षार गेली तीस-चाळीस वर्षे आतल्या सळया खात बसलेले आहेत. वर आपला पाऊस. शिवाय प्रत्येक घरातले बाथरूम, ज्याच्या खालच्या शेजाऱ्याच्या छतावर भारताचा नकाशा उमटलेला असतो आणि ज्याच्या गळतीवरून दोन कुटुंबांचे हळदीकुंकू बंद झालेले असते. सळई गंजली की तिचे आकारमान वाढते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. मग काँक्रीट आतून फुगते, पोपडा सुटतो, सळई उघडी पडते. आपण त्यावर पुट्टी भरतो आणि वर छानसा ‘ऑफ व्हाइट’ मारतो.

गॅलरीचे तर विचारूच नका. दोन खोल्यांत मुलाला अभ्यासाला जागा नाही म्हणून गॅलरी बंद करून तिची खोली झाली, हे डोंबिवलीच्या घराघरांतले सत्य आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. बोर्डाच्या परीक्षेत पहिली आलेली कितीतरी मुले अशाच गॅलरीत बसून शिकली. पण गॅलरी ही भिंतीतून बाहेर आलेली, पुढे कशाचाच टेकू नसलेली फळी असते, आणि अशा फळीतल्या मुख्य सळया खालच्या बाजूला नसतात, वरच्या बाजूला असतात. म्हणजे नेमक्या फरशीखाली. तिथे मशीनने फोडाफोड केली किंवा वरून वर्षानुवर्षे पाणी झिरपत राहिले, तर मार बसतो तो थेट तिला धरून ठेवणाऱ्या सळयांनाच. वर विटांचा कठडा, त्यावर काचा, आत पुस्तकांचे कपाट, झालेच तर वॉशिंग मशीन. गॅलरी बिचारी निमूटपणे सगळे पेलत राहते, म्हणून आपल्याला वाटते की तिला काहीच होत नाही.

भिंतींबद्दल तर आपण याहून बिनधास्त आहोत. ‘ओपन किचन’साठी मधली भिंत काढायची असते. ती कसली आहे, हे कोण पाहतो? जुन्या तळ अधिक दोन मजली इमारतींत, विशेषतः कल्याण आणि ठाण्याच्या जुन्या वस्तीत, नऊ इंची भिंतीच घर तोलून धरतात. तिथे खांब नसतातच. उलट घोडबंदर रोडला किंवा कल्याण-शीळ रस्त्याला गेल्या काही वर्षांत जे मनोरे उभे राहिले, त्यांतले बरेचसे ॲल्युमिनियमच्या साच्यांत एकसंध काँक्रीट ओतून केलेले आहेत. तिथे भिंत दिसायला चार-सहा इंचांची, पण ती खांबाचेच काम करते. तिला दार पाडणे तर सोडाच, विजेच्या पाइपासाठी खोल चर मारणेही धोक्याचे. नव्या इमारतीत स्लॅब-भिंतीत काही मूळचा दोष निघाला, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा, असे २०१६ चा रेरा कायदा सांगतो. भिंत फोडून बसलात तर बिल्डर पहिले बोट तुमच्या इंटिरियरकडे दाखवणार, हे सांगायला वकील लागत नाही.

आपल्याच मध्य रेल्वेवरच्या घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी साईदर्शन ही इमारत कोसळली आणि सतरा माणसे गेली. तळमजल्यावर फेरफाराचे काम सुरू होते आणि त्यात खांबांना हात लावला गेल्याची तक्रार रहिवाशांनी केली होती. इमारत पडल्यानंतर आपण सारे तावातावाने बोलतो. त्या आधी, ठकठक ऐकू येत असताना, जिन्यात भेटल्यावर आपण काय बोलतो? ‘संपेल हो महिनाभरात, होऊ द्या त्यांचं.’ शेजारधर्म म्हणून आपण गप्प राहतो. उद्या आपल्यालाही काम काढायचे असते ना!

या सगळ्यावर झाकण घालायला म्हणून की काय, पीओपीचे फॉल्स सीलिंग आले. मला या प्रकाराचे कधी फारसे कौतुक वाटले नाही, आणि ते केवळ आवडीनिवडीमुळे नव्हे. आपल्या घरांची उंची जेमतेम नऊ फूट. त्यातले अर्धा-पाऊण फूट छत खाली आणायचे, मग पंखा आणखी खाली येतो, दिवाणावर उभे राहून मच्छरदाणी बांधणाऱ्याच्या डोक्याशी खेटतो, आणि खोली उन्हाळ्यात जास्तच कोंदते. तेही चालेल म्हणा. पण छताला पडलेली तडे, ओल, गंजाचे तपकिरी डाग ही इमारतीने लिहिलेली पत्रे असतात. ती आपण न वाचता कागद लावून बंद करतो. सोसायटीने नेमलेला इंजिनीयर तपासणीला येतो तेव्हा वर नक्षीदार पांढरे छत आणि त्यात बारा दिवे. तो काय तपासणार? बडा घर पोकळ वासा ही म्हण आपण दुसऱ्यांसाठी वापरतो.

तपासणी म्हटली की नियमांकडे यावे लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. घरात काही वाढवायचे किंवा बदलायचे तर समितीची लेखी परवानगी हवी, हेही त्यात आहे. प्रत्यक्षात परवानगी म्हणजे एक अर्ज, त्याखाली सेक्रेटरींची सही, अनामत म्हणून काही हजार रुपये आणि लिफ्ट खराब होऊ नये म्हणून दोन सूचना. फरशीखाली किती जाडीचा माल घालणार, जुनी काढणार की ठेवणार, कुठली भिंत काढणार, हे कुणी विचारत नाही, कारण सेक्रेटरीही आपल्यासारखेच सकाळची लोकल पकडणारे गृहस्थ असतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण अर्जासोबत कामाचा साधा नकाशा आणि जिथे भिंत किंवा फरशी हलणार असेल तिथे स्ट्रक्चरल इंजिनीयरचे चार ओळींचे पत्र मागायला काय हरकत आहे? एका कपाटाच्या शटरला जितके लागतात, त्याहून कमी पैशांत इंजिनीयर घर पाहून जाईल.

तपासणी टाळण्यामागे आता एक नवे कारण आले आहे. ‘रीडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला खर्च?’ ही वाट पाहण्यात पाच-दहा वर्षे सहज जातात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग होत नाही, खांबांना पडलेल्या भेगा तशाच राहतात, सभेत विषय निघाला की ‘बिल्डरशी बोलणी चालू आहेत’ असे सांगितले जाते. गंमत अशी, की त्याच काळात त्याच इमारतीत निम्म्या सभासदांनी आपापल्या घरात नवी फरशी, नवे किचन, नवे छत केलेले असते. इमारतीसाठी पैसे नाहीत, घरासाठी आहेत. जणू घर इमारतीत नसून हवेत आहे!

याहून कठीण अवस्था त्यांची, ज्यांच्या पायाखालची जमीन कागदावरच नव्हती. बनावट कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी कर्जे काढली होती, आणि बहुतेकांनी तुम्ही-आम्ही करतो तसेच किचन, कपाटे, पडदे हौसेने केलेले असणार. प्लायवूडचे नमुने पाहण्याआधी इमारतीची परवानगी महापालिकेत जाऊन पडताळून पाहावी, हे सांगणे आता शहाणपणाचे वाटते. त्या माणसांना ते सांगणे मात्र क्रूरपणाचे आहे. त्यांना बँकेनेही कर्ज दिले होते.

मग काय, घर तसेच ठेवायचे? मुळीच नाही. माझे म्हणणे इतकेच, की आपण घर नवे करतो म्हणजे बहुधा त्यात काहीतरी घालतो. आपल्याकडच्या लहान घरांना गरज असते काढण्याची.

सुरुवात खिडकीपासून करू. आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश इतकी उघडी खिडकी असावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते. दहा बाय बाराच्या खोलीला वीस चौरस फूट. जुन्या ब्लॉकमध्ये चार बाय पाचची, लाकडी किंवा लोखंडी चौकटीची, दोन्ही पाखे बाहेर उघडणारी खिडकी असे. ती पूर्ण उघडली की वीसच्या वीस फूट वारा. घर नवे करताना तिथे ॲल्युमिनियमची सरकती काच आली. दिसायला देखणी, पण सरकत्या खिडकीची एक काच दुसरीवर जाऊन बसते, म्हणजे फार तर निम्मी उघडते. वीसचे दहा झाले. बाहेर ग्रिल, ग्रिलमध्ये जुनी सायकल, कुंड्या, रद्दी. मग खोली कोंदट होते, म्हणून एसी घ्यावा लागतो. लाखभर खर्च करून आपण वारा विकला आणि हप्त्याने परत विकत घेतला! घरात एकच गोष्ट बदलायची ऐपत असेल, तर खिडकी पूर्ण उघडणारी करा आणि ग्रिल रिकामे करा, असे मी कुणालाही सांगेन. एमआयडीसीलगत राहणाऱ्या डोंबिवलीकरांनी काचेच्या बाबतीत जरा जास्त विचार करावा. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी तिथे कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी दूरदूरच्या घरांच्या काचा फोडल्या होत्या. पलंगाच्या उशाशी जमिनीपासून छतापर्यंत काच, हे चित्रात छान दिसते.

त्या चित्रांत आणखी काय काय नसते, याची एकदा गंमत म्हणून यादी करावी. वाळत घातलेले कपडे नसतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे दोरीवरचे ओले कपडे. ते हॉलमध्ये पंख्याखाली असतात, आणि चार माणसांच्या घरात त्यांना दुसरी जागा नसते. चित्रात गॅसचे सिलिंडर नसते, लोणच्याची बरणी नसते, गणपतीचा चौरंग नसतो, आत्याने ठेवायला दिलेली ट्रंक नसते. पाणी साठवायची टाकी तर नसतेच. इथे पाणी कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून बाथरूमच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी चढवली जाते. भरली की अर्धा टन, आणि माळ्याचा स्लॅब बोटभर जाडीचा. ती टाकी खाली आणता येत नसेल, तर निदान दोनशे लिटरची करा आणि माळ्यावरचे बाकीचे सामान उतरवा. घराची आखणी करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो ‘पावसाळ्यात कपडे कुठे वाळतील’ हा. त्याच्याकडे उत्तर असेल तर त्याला आपले घर कळले. छतालगत वर-खाली होणारी दोरीची साधी सोय, तिच्या रेषेत पंखा आणि समोरासमोर उघडी राहणारी दोन तावदाने, एवढ्याने आषाढ-श्रावण सुसह्य होतो.

दुसरा प्रश्न, घरात दिवसभर असते कोण? कमावणारी माणसे सात वाजता बाहेर पडतात ती रात्री नऊला येतात. घरात असतात आजी-आजोबा, आणि घर सांभाळणारी बाई. पण फरशी निवडली जाते ती रविवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांनी. आरशासारखी चकाकणारी टाइल ओली झाली की सत्तरीच्या माणसाला तिच्यावर पाणी कुठे आहे तेच दिसत नाही. आमच्या परिचयातल्या एका घरी वास्तुशांतीनंतर महिन्याभरात आजी बाथरूमच्या दाराशी घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्या त्या नव्या घरात काठी टेकत फिरल्या. भेटायला गेलेल्यांना त्या सांगायच्या, ‘फरशी छानच आहे हो, मला मेलीला तीवर चालता येत नाही एवढंच.’ बाथरूमला खरखरीत टाइल, कमोडजवळ धरायला भिंतीत पक्की बसवलेली दांडी आणि रात्री जळत राहणारा मंद दिवा, यांना मिळून एका झुंबराइतकाही खर्च येत नाही.

फर्निचरबद्दल मी फार बोलणार नाही. त्यात प्रत्येकाची आवड. कल्याणच्या शेजारीच उल्हासनगर आहे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली हे गाव उभे राहिले, आणि तिथल्या फर्निचर बाजाराने आपल्या निम्म्या संसारांना पलंग-कपाटे पुरवली. घासाघीस करायची तयारी असेल तर आजही पुरवतो. घेताना इतकेच पाहावे, की भुशाच्या दाबलेल्या फळीचे कपाट आपल्या पावसाळ्यात फुगते, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवलेले कुठलेही कपाट मागून बुरशी धरते. चार बोटे पुढे ओढले तर वाचते. आणि नवे एक आणले तर जुने एक घराबाहेर जावे. ही अट आमच्या पिढीला सर्वांत जड जाते. मोडकी सेटी ‘गावी नेऊ’ म्हणून माळ्याखाली दहा वर्षे पडून असते, आणि गावचे घर केव्हाच विकलेले असते.

राहिली फरशी, जिच्यावरून विषय निघाला. ज्यांच्या घरात अजून जुनी मोझॅक शाबूत आहे, त्यांनी ती फोडायच्या किंवा झाकायच्या आधी एकदा पॉलिशवाल्याला बोलवावे. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात हे कारागीर अजून आहेत. हार्डवेअरच्या दुकानात चौकशी केली तर पत्ता मिळतो. सिमेंटमध्ये दगडाची खडी घालून केलेली ही फरशी असते. झिजते ती वरचा पापुद्रा, आतली खडी तशीच असते. मशीनला आधी जाड आणि मग बारीक दगड लावून ती घासतात, खड्डे त्याच रंगाच्या सिमेंटने भरतात, शेवटी पॉलिश. स्लॅबवर किलोभरही ओझे वाढत नाही, उलट थोडे कमीच होते, आणि खर्च नव्या फरशीच्या तुलनेत किरकोळ. दोन दिवस सगळे सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवावे लागते, घरभर राखाडी चिखल होतो, खालचे लोक पाणी झिरपले म्हणून वर येऊन भांडून जातात. तिसऱ्या दिवशी जमीन पुसून कोरडी केली की ऐंशी साली टाकलेल्या त्या हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांत खिडकीचे ग्रिल स्वच्छ दिसू लागते.